एका दोरीचीं माणसें

उन्हाळ्याची सुटी जवळ येऊं लागली कीं पुण्याच्या बहुतेक घरांतून प्रवासाचे बेत सुरू होतात. आमच्या आजोबांच्या काळीं हिमालय म्हणजे बदरीकेदार, आणि तेंहि संसारांतून मोकळें झाल्यावर, अशी समजूत असे. आतां कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी एके दिवशीं जेवतां जेवतां सहज सांगते कीं, यंदां आम्ही हिमनदी ओलांडून पलीकडच्या खोऱ्यांत उतरणार आहोंत. मग घरांत धांदल उडते. आई लोकरीचे मोजे किती जोड लागतील तें विचारते, वडील खर्चाचा आंकडा विचारतात, आजी डिंकाचे लाडू किती दिवस टिकतील या विवंचनेंत पडते, आणि ओळखीचे डॉक्टर औषधांची यादी करून देतात. हे सर्व प्रश्न योग्यच आहेत. परंतु आज या सदरांत आम्ही अशा एका प्रश्नाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, जो घरांतून क्वचितच विचारला जातो. तो असा कीं, एका दोरीला कोणकोण बांधले जाणार, आणि वाटेविषयीं मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा?

हा प्रश्न आम्हांस इतका महत्त्वाचा कां वाटतो, हें समजण्यासाठीं हिमनदीवरची वाट कशी असते तें आधीं पाहिलें पाहिजे. पुण्याचा तरुण डोंगर शिकतो तो सह्याद्रींत. सिंहगड, राजगड, तोरणा येथें त्याच्या पायांना वळण लागतें. तेथें वाट चुकली तर ती धुक्यामुळें किंवा कारवीच्या रानामुळें चुकते. वाट स्वतः आपल्या जागीं असते. शिवकालीं खोदलेली पायरी आजहि तेथेंच सांपडते, आणि अगदींच अडलें तर एखादा धनगर किंवा महादेव कोळी गृहस्थ बोटानें दिशा दाखवितो. हिमनदीची गोष्ट निराळी आहे. नांवाप्रमाणेंच ती नदी आहे. ती वाहते, फक्त फार सावकाश. वर्षानुवर्षें सांचलेलें हिम आपल्याच भारानें दबून त्याचें कठीण बर्फ बनतें आणि तें बर्फ उतारानें खालीं सरकूं लागतें. कोठें दिवसाला चार बोटें, तर एव्हरेस्टच्या पायथ्याशीं असलेल्या खुंबू हिमप्रपातासारख्या तीव्र उतारावर दिवसाला सुमारें एक मीटर. तळाचा खडक जेथें एकदम उतरतो किंवा वळतो, तेथें वरचें बर्फ तडकतें आणि त्यांत खोल भेगा पडतात. गिर्यारोहक त्यांना क्रिव्हास म्हणतात.

उघड्या भेगेचें भय थोडें, कारण ती दिसते. भय आहे तें झांकलेल्या भेगेचें. वाऱ्यानें वाहून आणलेलें हिम भेगेच्या दोन्ही कांठांवर सांचत जातें आणि शेवटीं वर एक पूल तयार होतो. पहाटेच्या थंडींत हा पूल माणसाचा भार सोसतो. दुपारच्या उन्हांत सोसेल कीं नाहीं, हें कोणीहि सांगूं शकत नाहीं. म्हणून मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजतां निघून ऊन चढण्यापूर्वीं मुक्काम गांठावा अशी रीत आहे. सर्वांत पुढचा माणूस काठीनें किंवा आइस-अ‍ॅक्सच्या दांड्यानें हिम टोंचून पाहतो. दांडा एकाएकीं सहज आंत शिरला कीं खालीं पोकळी आहे असें समजावयाचें. त्याच्यामागें आठ-दहा मीटर अंतर राखून दुसरा, तितक्याच अंतरावर तिसरा, असे सर्व एका दोरीनें जोडलेले असतात. दोरी ढिली ठेवावयाची नाहीं. पुढचा आंत गेला तर मागच्यांनीं त्याच क्षणीं बर्फावर अंग टाकून, आइस-अ‍ॅक्स रोवून त्याचा भार धरावयाचा. मागचा माणूस त्या वेळीं रुसलेला असेल, दुसरीकडे पाहत असेल किंवा दोरीचीं वेटोळीं हातांत घेऊन चालत असेल, तर पुढच्याचें आयुष्य संपलें.

काल ज्या वाटेनें आलों तीच आज असेल असेंहि नाहीं. खुंबूंत दरवर्षीं मोसमाच्या आरंभीं शेर्पांची एक तुकडी शिड्या व दोर बसवून नवी वाट तयार करते. त्या लोकांना 'आइसफॉल डॉक्टर' असें नांवच पडलें आहे. १८ एप्रिल २०१४ रोजीं या वाटेवर वरून बर्फाचा प्रचंड भाग कोसळून १६ नेपाळी कामगार व मार्गदर्शक मृत्युमुखीं पडले. पुढील वर्षीं ती वाट डाव्या अंगावरून मध्याकडे नेण्यांत आली.

अशा ठिकाणीं दोन शहाणीं माणसें एकाच बर्फाकडे पाहून दोन वाटा सांगतात यांत नवल नाहीं. एक म्हणतो, समोरच्या लोंबत्या कड्याखालून सरळ जाऊं; अर्ध्या तासांत धोका मागें पडेल. दुसरा म्हणतो, तो कडा केव्हां कोसळेल याचा नेम नाहीं. उजवीकडून वळसा घेऊं. वळशाला तीन तास लागणार, तेवढ्यांत ऊन चढणार आणि हिमाचे पूल मऊ पडणार. दोघांचेंहि म्हणणें खरें असतें. कोणतेंहि पुस्तक याचा निकाल देत नाहीं. निकाल त्या जागीं, त्या घटकेला, तेथील माणसांनींच द्यावयाचा असतो आणि तो सर्वांनीं मिळून पाळावयाचा असतो. अर्धे डावीकडे आणि अर्धे उजवीकडे गेले तर दोन्ही अर्धे दुबळे होतात. कारण दोघांच्याच दोरींत एक भेगेंत पडला तर उरलेल्या एकट्यानें त्याला वर ओढून काढणें फार अवघड जातें.

बरें, हा निकाल ज्या मनांनीं द्यावयाचा तीं मनें तरी ठिकाणावर असतात काय? साडेपांच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानानें जवळजवळ निम्मा होतो. श्वासागणिक मिळणारा प्राणवायुहि त्याच मानानें घटतो. झोंप तुटक लागते, डोकें ठणकतें, अन्नावर वासना राहत नाहीं. त्यांत वादळामुळें तीन दिवस एका तंबूंत तिघांना पडून राहावें लागलें कीं क्षुल्लक गोष्टी डोंगराएवढ्या होतात. बर्फ आणून वितळविण्याची पाळी कोणाची होती, सुका मेवा कोणी अधिक घेतला, रात्रभर कोण घोरत होता, यांवरून मनें खट्टू होतात. आणि गंमत अशी कीं भांडण मेव्यावरून झालें तरी तें प्रगट होतें वाटेवरून. ज्यानें मेवा अधिक घेतला तो 'डावीकडून चला' म्हणाला कीं दुसऱ्याला उजवी बाजू एकाएकीं सुरक्षित दिसूं लागते. हळू चालणारा सोबती तर सर्वांच्या रोषाचें स्थान बनतो. त्याच्यामुळें उशीर झाला, त्याच्यामुळें शिखर हुकलें, असें न बोलतांहि त्याला ऐकूं येतें. जाणता नेता अशा चिडखोरपणाला स्वभावदोष न मानतां विरळ हवेचा विकार मानतो, आणि निर्णय घेण्यापूर्वीं सर्वांना गरम पेय पाजतो.

मनें फाटलीं म्हणजे काय होतें, याचें एक ठळक उदाहरण कांचनगंगेच्या नैर्ऋत्य अंगास असलेल्या यालुंग हिमनदीवर घडलें आहे. १९०५ सालीं अ‍ॅलिस्टर क्रौली हा इंग्रज आणि जूल जाको-गियार्मो हा स्विस डॉक्टर यांची मोहीम तेथें गेली. हे दोघे परस्परांस अपरिचित नव्हते. १९०२ मध्यें के-टू पर्वतावर ते बरोबर होते. परंतु बरोबर असणें निराळें आणि एकविचारानें असणें निराळें. क्रौलीची वाटेची निवड, त्याचा हुकूमशाही स्वभाव आणि हमालांशीं त्याची वागणूक यांवरून कुरबूर वाढत गेली. १ सप्टेंबर रोजीं वरच्या छावणींत नेतृत्वाविषयींच उघड वाद झाला. वाद मिटला नाहीं, आणि डॉक्टर व त्याच्या बाजूचे लोक दिवस कलला असतांना त्याच संध्याकाळीं खालीं उतरावयास निघाले. ऊन खाऊन मऊ पडलेल्या उतारावर एकाचा पाय घसरला, दोरीबरोबर इतर खेंचले गेले आणि बर्फाचा लोंढा सुटला. अलेक्सिस पाश हा स्विस तरुण आणि तीन हमाल त्यांत गाडले गेले. वरच्या छावणींतून रेमों नांवाचा सोबती मदतीस धांवला. क्रौली तंबूंतच राहिला, आणि पुढें वर्तमानपत्रांतून त्यानें आपल्या वर्तनाचें समर्थनच केलें. कड्याखालील त्या जागेला गिर्यारोहक आजहि 'पाशची समाधि' म्हणून ओळखतात. तिघा हमालांचीं नांवें त्या जागेला मिळालीं नाहींत.

क्रौलीची वाट चूक होती कीं डॉक्टरची शंका रास्त होती, हा वाद येथें करण्याचें कारण नाहीं. आम्हांस दिसतें तें एवढेंच कीं, त्या संध्याकाळीं उतरण्याची घटका बर्फाकडे पाहून ठरली नाहीं. ती रागानें ठरविली. सकाळपर्यंत थांबणें म्हणजे माघार घेणें असें दोन्ही पक्षांना वाटलें असावें.

याच यालुंग बाजूनें पन्नास वर्षांनीं, १९५५ मध्यें, चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखालीं दुसरी ब्रिटिश मोहीम गेली. या मंडळींनीं आरंभीं निवडलेली वाट चढून पाहिल्यावर पुढील हिमप्रपात फार बिकट आहे असें दिसून आलें. तेव्हां त्यांनीं ती वाट सोडली, केलेले श्रम फुकट गेले म्हणून खंत न करितां तळ हलविला, आणि दुसरीकडून नव्यानें आरंभ केला. २५ मे रोजीं जो ब्राउन व जॉर्ज बँड, आणि दुसऱ्या दिवशीं नॉर्मन हार्डी व टोनी स्ट्रेदर, असे चौघे माथ्याशीं पोंचले. सिक्कीमच्या राजांनीं पर्वताचें पावित्र्य राखण्याची विनंति केली होती, म्हणून हे चौघेहि माथ्यापासून कांहीं पावलें अलीकडे थांबले. ज्या मंडळींना चार पावलें कमी चालण्याचा संयम होता, त्यांना चार दिवसांची वाट सोडून देण्याचाहि संयम होता, यांत आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं.

पुणेंकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट यानंतरची आहे. १९८२ सालीं स्थापन झालेल्या 'गिरिप्रेमी' या पुण्याच्या संस्थेचे दहा गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालीं याच बाजूनें चढून १५ मे २०१९ रोजीं कांचनगंगेच्या माथ्यावर पोंचले. तत्पूर्वीं १९ मे २०१२ रोजीं याच संस्थेच्या आठ जणांनीं एव्हरेस्ट गांठलें होतें. आठ हजार मीटरांच्या वर दहा माणसें एकाच दिवशीं नेऊन परत आणणें हें केवळ दहा जोड्या बळकट पायांचें काम नव्हे. त्यामागें सह्याद्रींतील पावसाळी रात्री, एकमेकांचीं वैगुण्यें ठाऊक असणें आणि एकाच्या शब्दावर थांबण्याची संवय, अशी कित्येक वर्षांची पुंजी असते. त्याच सुमारास त्याच पर्वतावर दोन बंगाली गिर्यारोहकांना प्राण गमवावे लागले. शिखरावरून उतरणारे नेपाळचे निर्मल पुरजा व त्यांचे शेर्पा सोबती यांनीं त्या दोघांना आपला स्वतःचा प्राणवायु देऊन वांचविण्याची खटपट केली. ती यशस्वी झाली नाहीं. परंतु परक्या पथकांतील माणसासाठीं स्वतःचा श्वास पणास लावणारीं माणसेंहि त्याच पर्वतावर असतात, हें १९०५ च्या प्रसंगाशेजारीं ठेवून पाहण्यासारखें आहे.

मुंबईचे प्रसिद्ध गिर्यारोहक हरीश कपाडिया यांची १९७४ ची हकीकत अशीच आहे. नंदादेवी परिसरांतील देवटोली हें ६,७८८ मीटर उंचीचें शिखर चढून उतरतांना ते हिमानें झांकलेल्या एका भेगेंत पडले आणि त्यांच्या खुब्याचा सांधा निखळला. सोबत्यांनीं त्यांना वर काढलें, आणि पुढें तेरा दिवस उचलून खालच्या तळावर आणलें. तेथून हेलिकॉप्टरनें त्यांची सुटका झाली. त्यानंतर दोन वर्षें त्यांना कुबड्यांचा आधार घ्यावा लागला. पुढें हिमालयाच्या अनेक अज्ञात खिंडी व खोरीं त्यांनीं धुंडाळलीं, आणि २००३ मध्यें लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें त्यांना सुवर्णपदक दिलें. त्या पदकामागें तेरा दिवस खांदा देणाऱ्या सोबत्यांचाहि वांटा आहे. तेरा दिवस जखमी माणूस वाहून नेण्याची अट कोणत्याहि छापील नियमावलींत नसते. ती घरून निघतांनाच मनानें मान्य केलेली असावी लागते.

या हकीकतींवरून आम्हांस कांहीं गोष्टी स्पष्ट दिसतात, त्या वडील मंडळींनीं व तरुणांनींहि ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, वाटेसंबंधीं अखेरचा शब्द कोणाचा, हें निघण्यापूर्वीं ठरलें पाहिजे. हिमनदीवर तें ठरविण्यास वेळ नसतो. दुसरी ही कीं, मत सांगण्याची जागा तंबू आहे. तेथें सर्वांत धाकट्यानेंहि निर्भयपणें बोलावें आणि नेत्यानें ऐकून घ्यावें. मात्र दोरी बांधल्यावर ठरलेली वाट सर्वांची. याला अपवाद एकच: 'परत फिरूं या' असें म्हणण्याचा हक्क दोरीवरच्या प्रत्येकास केव्हांहि असावा. तिसरी ही कीं, परत फिरण्याची वेळ घड्याळानें ठरवावी. शिखर हाताशीं आलें असें वाटलें तरी ठरलेल्या वेळीं वळावें. कारण उशीर झालेल्याला मऊ पडलेल्या पुलांवरूनच यावें लागतें. चौथी ही कीं, पथकाची गति सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीइतकी धरावी आणि त्याला तसें बोलून दाखवूं नये. पांचवी ही कीं, शेर्पा व हमाल यांना केवळ ओझें वाहणारे न समजतां त्यांचें वाटेविषयींचें मत विचारावें. त्या प्रदेशाची जाण बहुधा त्यांनाच अधिक असते.

मुलगा किंवा मुलगी जावयास निघाली तर आईबापांनीं अडवावें असें आमचें म्हणणें नाहीं. २००९ मध्यें पुण्याच्या कृष्णा पाटील हिनें वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं एव्हरेस्ट गांठलें, तेव्हां मुलींना हें झेपेल काय या शंकेलाहि आतां जागा नाहीं. परंतु विचारावें अवश्य. नेत्यानें हिमनदीचें रीतसर शिक्षण घेतलें आहे काय? तसें शिक्षण देणाऱ्या संस्था आपल्या देशांत आहेत. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ पासून आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ पासून हें काम करीत आहे. सोबत्यांनीं यापूर्वीं किती रात्री एकत्र काढल्या आहेत? कोणी आजारी पडला तर त्याच्याबरोबर कोण उतरणार, हें ठरलें आहे काय? या प्रश्नांचीं उत्तरें अडखळत आलीं तर मोज्यांचे कितीहि जोड दिले तरी तयारी पुरी झाली असें समजूं नये.

आणखी एक गोष्ट थोडी कडू आहे, पण सांगितली पाहिजे. हिमनदीवरची ती दोरी वाटते तितकी आंखूड नसते; तिचें एक टोंक पुण्यांत असतें. निघतांना आपण हार घालतों, चौकांत फलक लावतों, वर्गणी जमवितों, नातेवाइकांना आधींच सांगून टाकतों. मग वर, साडेसहा हजार मीटरांवर, मऊ पडूं लागलेल्या हिमाकडे पाहत परत फिरावें असें ज्याला वाटतें, त्याच्या डोळ्यांपुढें तो फलक उभा राहतो. फोन लागल्यावर आपला पहिला प्रश्न 'शिखर झालें का?' हा असला तर त्या प्रश्नाचा ताण त्या दोरीवर पडतो. त्याऐवजीं 'सगळे बरोबर आहेत ना?' असें विचारावें. आणि शिखरावांचून परत आलेल्याचें स्वागत शिखर करून आलेल्याइतक्याच आनंदानें करावें; विशेषतः ज्यानें आजारी सोबत्याबरोबर उतरण्यासाठीं आपली संधि सोडली, त्याला घरांत व आळींत मान मिळाला पाहिजे. असा मान मिळूं लागला म्हणजे पुढच्या वर्षीं परत फिरण्याचा शब्द उच्चारणें कोणा तरी तरुणास सोपें जाईल.

तेव्हां आमची वाचकांस एक साधी सूचना आहे. ज्या घरांतून यंदां कोणी हिमनदीवर जाणार असेल त्या घरीं, निघण्यापूर्वीं एखाद्या रविवारीं, सर्व सोबत्यांस जेवावयास बोलवावें. साधा वरणभात पुरे. ते एकमेकांशीं कसे बोलतात, नेता दुसऱ्याचें बोलणें पुरतें ऐकून घेतो कीं मध्येंच तोडतो, सर्वांत अबोल मुलाला कोणी विचारतें कीं नाहीं, आणि जेवण झाल्यावर ताटें उचलावयास कोण उठतें, एवढें गृहिणींनीं पाहावें. वीस जणांचा संसार संभाळणाऱ्या आमच्या आया-आज्यांना माणसांची ही पारख चांगली होती, आणि हिमनदीवर जाणाऱ्या मुलांच्या कामीं ती आजहि येण्यासारखी आहे.